धुण्याच्या पाण्यातलं तेल काही केल्या सुटत नाही – मकरपुरा, बडोदा

लेथवाला (धागाकर्ता)
सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं छोटं वर्कशॉप आहे. वडिलांनी दोन लेथवर सुरू केलं, आता गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक पंपांचं ओव्हरहॉलिंग करतो. नऊ माणसं. आलेला गिअरबॉक्स उघडला की आधी धुवायचा: काळं तेल, ग्रीस, लोखंडाचा चुरा, वर्षानुवर्षांची माती. गरम पाणी, डीग्रीझर (तेल-ग्रीस सोडवणारं रसायन) आणि प्रेशर गन. दिवसाला साधारण २००० लिटर पाणी होतं.

ते पाणी एका खड्ड्यात जमतं, तिथून पंपाने ऑइल ट्रॅपमध्ये. ट्रॅप म्हणजे सिमेंटची टाकी, १.५ मीटर लांब, १ मीटर रुंद, १.२ मीटर खोल, मधे एक आडवी भिंत. पुढे ड्रेनेज. सीसीएमध्ये, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीपत्रात, तेल-ग्रीसची मर्यादा लिटरला २० मिलिग्रॅम लिहिलीय. गेल्या तिमाहीत स्वतःहून लॅबकडून तपासून घेतलं तर ८६ आलं. त्याआधीच्या तिमाहीत ४१ होतं.

आता गंमत ऐका. ४१ होतं तेव्हा टाकीवर बोटभर काळा थर दिसायचा. आता ८६ आहे आणि पाण्यावर तवंगसुद्धा नाही! जरा दुधाळ दिसतं इतकंच.

एक सप्लायर येऊन गेले. डॅफ (हवेच्या बुडबुड्यांनी तेल वर आणणारं यंत्र), दोन फिल्टर, पॅनल, सगळं मिळून साडेसहा लाख. टाकीचं झाकणही न उघडता कोटेशन दिलं. वडील म्हणतात घेऊन टाक, कटकट मिटेल. मला ते पटत नाही, पण नाही म्हणायला माझ्याकडे कारणही नाही.

---

खंडेरावमार्केटकर
सोमवार, रात्री १०:०५

तेल दिसत नाही पण आहे. आमच्या सोसायटीच्या हिशेबासारखं झालं की हे.

जाणकार येईपर्यंत खुर्ची धरून बसतो.

---

तात्या_निवृत्त
सोमवार, रात्री ११:२०

लेथवाल्या, नाही म्हणायला कारण आहे. टाकी न बघता औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरकडे आपण जातो का?

माझी सगळी नोकरी पाण्यातून तेल काढण्यात गेली, ३१ वर्षं. तिथे टाक्या मैदानाएवढ्या होत्या, पण तेलाचा स्वभाव तोच. पाण्यात तेल तीन रूपांत असतं. एक मोकळं, आपोआप वर येतं. दुसरं बारीक थेंबांचं, साबणाने किंवा घुसळण्याने धरून ठेवलेलं, म्हणजे इमल्शन. तिसरं चक्क विरघळलेलं, ते थोडंच असतं, त्याचा विचार आज नको. ऑइल ट्रॅप फक्त पहिल्यासाठी आहे. दुसऱ्या प्रकारचं तेल ट्रॅपमधून असं निघून जातं, जसा तिकीट नसलेला माणूस गर्दीतून स्टेशनाबाहेर पडतो.

आता एक पैही खर्च न करता एक काम कर. तीन पारदर्शक बाटल्या घे. एक धुण्याच्या ओट्यावरून थेट भर, दुसरी खड्ड्यातून, तिसरी ट्रॅपच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याची. तारीख-वेळ लिही आणि खिडकीत ठेव. २४ तास हलवायच्या नाहीत. वर किती आलं, खाली किती बसलं आणि मधलं पाणी कसं दिसतंय, ते इथे लिही. वीतभर उंच बाटलीत दिवसभरात जे वर आलं नाही, ते तुझ्या टाकीत जन्मात येणार नाही.

आणि पंप कोणता, तो कधी चालतो, कोण चालवतं? हे तू लिहिलेलं नाहीस. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

---

पिपेट
मंगळवार, सकाळी ७:१५

तात्यांशी सहमत. मी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये आहे, त्यामुळे माझा पहिला प्रश्न नमुन्याचा: बाटली कसली होती? तेल-ग्रीससाठी काचेचीच हवी, रुंद तोंडाची. प्लास्टिकच्या भिंतीला तेल चिकटतं आणि आकडा खोटा, कमी येतो. बाटली त्याच पाण्याने विसळायची नाही, काठोकाठ भरायची नाही, आणि लगेच आम्ल घालून पीएच २ च्या खाली न्यायचा. लॅबमध्ये आम्ही अख्खी बाटली वापरतो आणि रिकामी बाटलीसुद्धा हेक्झेनने धुऊन घेतो, कारण काचेलाही थोडं लागतंच.

अर्धे लोक पाण्याच्या बाटलीत नमुना आणतात, वर तेल तरंगत असतं. विचारलं तर म्हणतात, "ताई, खालचं स्वच्छ पाणी घ्या ना."

तुमचा ४१ चा नमुना कशात नेला होता, आठवतंय का?

---

लेथवाला
मंगळवार, सकाळी ८:५०

पिपेटताई, बिसलेरीच्या बाटलीत 🙈 ८६ चा मात्र लॅबच्या माणसाने येऊन काचेच्या बाटलीत घेतला.

तात्या, बाटल्या भरून ठेवल्या. पंप साधा ओपनवेल सबमर्सिबल, मिनिटाला २८०० फेऱ्यांचा. दिवसभर खड्डा भरत राहतो, संध्याकाळी सहाला सुरू करतो, अर्ध्या तासात खड्डा रिकामा, मग सगळे घरी.

---

मगरमित्र
मंगळवार, सकाळी ९:३०

अवांतर: ट्रॅप उघड्यावर आहे का? ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात घुसली तेव्हा आमच्या शेजारच्या शेडमधली अशीच टाकी पावसाच्या पाण्याने भरून वाहिली. महिनाभर साठलेलं तेल अंगणभर पसरलं. पाणी ओसरल्यावर भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला काळी रेघ उरली, अजून आहे. वर पत्रा टाका आणि काठ जमिनीपासून वीतभर उचलून घ्या. एका सरीचं पाणीसुद्धा महिन्याचं तेल उचलून नेतं.

नदीतल्या आमच्या मगरींच्या वतीने ही विनंती.

---

लेथवाला
बुधवार, सकाळी ९:१०

निकाल:

ओट्यावरची बाटली: वर दोन बोटं काळं तेल, तळाशी अर्धा इंच काळा गाळ, मधलं पाणी फिकट, पलीकडचा हात दिसतो.
खड्ड्याची: वर तेल नाममात्र, गाळ तेवढाच, मधलं पाणी पातळ ताकासारखं.
ट्रॅपनंतरची: वर काहीच नाही, खाली चिमूटभर, मधे ताक.

म्हणजे ओट्यावर तेल सुटतंय आणि खड्ड्यात पोहोचेपर्यंत त्याचं ताक होतंय? मधे तर फक्त दहा फुटांचा पाइप आहे!

---

तात्या_निवृत्त
बुधवार, दुपारी १२:४५

वा! साडेसहा लाखांत न मिळणारी माहिती तीन बाटल्यांत मिळाली. पण खड्ड्यातलं पाणी पंपाच्या *आधीचं* आहे, तरी ताक. म्हणजे पंपाखेरीज तिथे आणखी काहीतरी घडतंय. त्यावर विचार कर, मी तोवर टाकीचा हिशेब मांडतो.

तेलाचा थेंब किती वेगाने वर चढतो याचं गणित स्टोक्स नावाच्या माणसाने १८५१ मध्ये मांडून ठेवलंय. सगळा जीव थेंबाच्या आकारात आहे: व्यास निम्मा केला की वेग चौथाई. पाण्याच्या ०.९ पट घनतेचं तेल धर, पाणी २० अंशांचं. १५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब सेकंदाला सव्वा मिलिमीटर चढतो, तासाला जवळजवळ साडेचार मीटर. २० मायक्रॉनचा थेंब तासाला पावणेआठ सेंटिमीटर. १० मायक्रॉनचा दोन सेंटिमीटर, गोगलगाय बरी.

आता टाकी. बहुतेकांना वाटतं खोल टाकी म्हणजे चांगली टाकी. नाही. सतत वाहत्या पाण्यात महत्त्व पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाला असतं, हे हेझनने १९०४ मध्ये दाखवलं. तुझं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर. अर्ध्या तासात २००० लिटर म्हणजे तासाला ४ घनमीटर. भागाकार केला तर तासाला २.७ मीटरपेक्षा हळू चढणारा थेंब बाहेर जाणार. म्हणजे साधारण ११७ मायक्रॉनच्या खालचं सगळं! तेच २००० लिटर चार तासांत सोडलंस तर कागदावर ४० मायक्रॉनपर्यंतचे थेंब अडकतील. टाकी तीच, खर्च शून्य. प्रत्यक्षात टाकीत भोवरे असतात, इतकं छान होत नाही, पण फरक पडतो.

तुझी टाकी लहान नाहीये रे. तू तिला दिवसभर उपाशी ठेवतोस आणि संध्याकाळी अर्ध्या तासात पंगत वाढतोस.

---

पिपेट
बुधवार, दुपारी १:१०

पंपाबद्दल एक भर. दुधावर साय येते, पण होमोजिनाइझ केलेल्या पिशवीच्या दुधावर धड येत नाही, कारण त्यातले स्निग्धाचे थेंब दाबाखाली फोडून एकदोन मायक्रॉनचे केलेले असतात. २८०० फेऱ्यांचा पंप तेलाला अगदी तसं नाही, पण त्याच दिशेने नेतो. डायफ्रॅम पंप किंवा स्क्रू पंप थेंब कमी फोडतो. त्याहून उत्तम म्हणजे तेल सुटेपर्यंत पंपच नको: पाणी उताराने ट्रॅपमध्ये, आणि पंप ट्रॅपच्या *नंतर*.

---

नाशिकचा वॉशिंगवाला
बुधवार, रात्री ९:००

माझं ट्रक वॉशिंग सेंटर आहे, अठरा वर्षं. पुस्तकी काही येत नाही, चुका मात्र सगळ्या करून झाल्यात.

पहिलं, बाहेर पडणारा पाइप बघ. आमच्या गवंड्याने वरच्या पातळीला सरळ पाइप लावला होता. म्हणजे तेल तरंगून पाइपाच्या तोंडाशी यायचं आणि थाटात निघून जायचं! टी (इंग्रजी T च्या आकाराचा जोड) लावून खालचं टोक पाण्यात दोन-अडीच फूट बुडव, पण तळापासून फूटभर वर ठेव, नाहीतर गाळ उचलेल. टी चं वरचं तोंड उघडं ठेव.

दुसरं, माती आणि चुरा आधी काढ. तेल लागलेला चुरा ना धड बुडतो ना धड तरंगतो, मधेच लोंबकळत राहतो आणि फिल्टर असेल तर आधी तोच चोंदतो. ओट्याखाली जाळीची टोपली ठेव, पुढे एक छोटा गाळखड्डा. तुझ्याकडे लोखंडाचा चुरा आहे, टोपलीत दोन लोहचुंबक टाक. रोज संध्याकाळी पुसायचे, बघ किती निघतं.

तिसरं नीट वाच. गाळ काढायला पोराला टाकीत उतरवू नकोस. आमच्याकडे एकजण झाकलेल्या टाकीत उतरला आणि दोन मिनिटांत गप्प झाला. दोर कमरेला होता म्हणून ओढून काढला, नशीब. दोर बांधायला मी कंटाळलो होतो, माझ्या बायकोने बांधायला लावला. अंड्यासारखा वास येणारी टाकी म्हणजे विषारी वायू, आणि थोड्या वेळाने तो वास नाकाला कळेनासाही होतो. बाहेरूनच सक्शन लाव.

---

लेथवाला
गुरुवार, सकाळी १०:३०

चोर सापडला.

काल तात्यांचं वाचून खड्ड्याशी उभा राहिलो. साडेपाच वाजता आमचे सगळ्यात जुने कारागीर, वडिलांच्या वेळचे, मी त्यांना काका म्हणतो, हातात पाच लिटरचा कॅन घेऊन आले. भांडी धुण्याचं सुटं लिक्विड. अर्धा लिटर खड्ड्यात ओतलं आणि पाण्याचा जोरात फवारा मारला. फेस आला, काळा थर फाटला, दहा मिनिटांत गायब. माझ्याकडे वळून अभिमानाने म्हणाले, "जो, हवे तेल देखातुंज नथी!" म्हणजे, बघ, आता तेल दिसतच नाही!

विचारलं कधीपासून. म्हणाले, चार महिने. मीच एकदा त्यांना म्हणालो होतो म्हणे, की कुणी तपासायला आलं आणि असा थर दिसला तर आपली शोभा होईल. त्यांनी ते मनावर घेतलं. लिक्विडचे पैसेही दोन वेळा स्वतःच्या खिशातून दिले होते.

काय बोलणार? त्यांना चहा पाजला.

---

खंडेरावमार्केटकर
गुरुवार, सकाळी १०:४१

😂😂 काकांना दंडवत. धाग्याचं नाव बदला: 'तेल गेलं, तूपही गेलं, हाती आलं ताक.'

---

तात्या_निवृत्त
गुरुवार, सकाळी ११:५५

काकांना हसू नका. भल्याभल्या कारखान्यांत शिकलेल्या माणसांनी हेच केलेलं मी पाहिलंय, फक्त कॅनवर इंग्रजी नाव होतं.

साबणाच्या रेणूचं एक टोक तेलात, दुसरं पाण्यात. प्रत्येक थेंबाभोवती असं कुंपण पडलं की थेंब एकमेकांना भेटत नाहीत, मोठे होत नाहीत, वर येत नाहीत. तेल पाण्यातच राहिलं, फक्त तुझ्या डोळ्यांआड झालं.

तुझ्या डीग्रीझरचंही तेच आहे. बाजारात दोन जातींचे मिळतात: एक तेल धरून ठेवणारे, दुसरे भागावरून तेल सोडवून लगेच वर फेकणारे. दुसऱ्या जातीचा माग, आणि विक्रेता काहीही म्हणो, विकत घेण्याआधी बाटलीत तपास. पाणी, तुझं जुनं गिअर ऑइल आणि डीग्रीझर ठरलेल्या प्रमाणात घालून वीस वेळा हलव. तासाभरात तेल वेगळं झालं नाही तर कॅन परत.

आणि एक शंका. लेथचं कूलंट, ते दुधाळ कटिंग ऑइल, खराब झाल्यावर कुठे ओततोस?

---

लेथवाला
गुरुवार, दुपारी १२:२०

त्याच खड्ड्यात 😐 महिन्यातून एकदा, ६०-७० लिटर.

---

तात्या_निवृत्त
गुरुवार, दुपारी १२:२८

वाटलंच. ते मुळात इमल्शन म्हणूनच बनवलेलं असतं, सुटू नये हीच त्याची नोकरी. २००० लिटर पाण्याला विरजण लावल्यासारखं आहे ते. आजपासून वेगळ्या बॅरलमध्ये.

---

फिल्टरप्रेस
गुरुवार, रात्री ८:१५

इथे सगळे सप्लायरवर तुटून पडलेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी याच धंद्यात आहे (तो सप्लायर मी नव्हे).

डॅफ फालतू यंत्र नाही. ४ ते ६ बार दाबाखाली पाण्यात हवा विरघळवतात आणि दाब एकदम सोडतात. गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर होतं तसंच. बुडबुडे केसाच्या जाडीचे किंवा त्याहून बारीक, ते गुठळीला चिकटून तिला वर उचलतात. तेलकट गुठळी जड नसते, खाली बसायला तासन्तास घेते, पण बुडबुड्यांसोबत काही मिनिटांत वर येते. दिवसाला ५० हजार लिटर पाणी असेल तर माझंही कोटेशन डॅफचंच असेल.

पण हे मान्य: रसायनाने गुठळी बांधल्याशिवाय इमल्शनवर डॅफ चालवणं म्हणजे पाण्यात नुसती हवा घालणं. आणि दिवसाला २००० लिटरला सतत चालणारं यंत्र कशाला? एक टाकी भरा, औषध घाला, ढवळा, रात्रभर ठेवा. झालं.

मेम्ब्रेनबद्दल, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्याबद्दल, कुणी विचारण्याआधीच सांगतो. अल्ट्राफिल्ट्रेशन (अशा पडद्यातून गाळणं) इमल्शनवर छान चालतं, कूलंटसाठी तर उत्तमच. पण मोकळं तेल आणि चुरा आधी काढला नाही तर महिन्याभरात पडदा चोंदतो, आणि मग मला शिव्या पडतात.

---

तात्या_निवृत्त
गुरुवार, रात्री ९:०५

फिल्टरप्रेस, तुमच्यासारखा सप्लायर लेथवाल्याकडे आला असता तर हा धागा निघाला नसता. सहमत.

लेथवाल्या, आता तुरटी. आपल्या आज्या पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवायच्या, आणि त्याआधी निवळीची बी माठाच्या आतल्या बाजूला उगाळायच्या. 'पाणी निवळणं' आणि 'निवळी' हे शब्द आपल्याकडे शेजारी राहतात ते उगाच नाही. मातीचे कण काय, साबणाने गुंडाळलेले तेलाचे थेंब काय, दोन्हींवर सारखाच ऋण भार असतो म्हणून ते एकमेकांना ढकलतात. तुरटीतलं अॅल्युमिनियम तो भार मारतं, थेंब जवळ येतात आणि अॅल्युमिनियमच्याच पांढऱ्या चिकट गोळ्यात अडकतात.

किती घालायची हे मला विचारू नकोस, तुझ्या पाण्याला विचार. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम तुरटीची पूड विरघळव. चार बरण्यांत एकेक लिटर ताक घे. पहिलीत या द्रावणाचे १० मिली, म्हणजे लिटरला १०० मिलिग्रॅम तुरटी. मग २०, ४०, ८० मिली. मिनिटभर जोरात ढवळ, नंतर दहा-पंधरा मिनिटं अगदी हळू, पिठलं गुठळ्या न मोडता ढवळल्यासारखं. अर्धा तास ठेव. ज्या बरणीत सगळ्यात कमी तुरटीत मधलं पाणी काचेसारखं झालं, ते तुझं प्रमाण.

---

पिपेट
गुरुवार, रात्री ९:३०

तात्या, एक राहिलं! डीग्रीझर अल्कधर्मी असेल तर या पाण्याचा पीएच १० च्या वर असू शकतो. तिथे अॅल्युमिनियम गुठळी न धरता विरघळलेलंच राहतं, आणि तुरटी कितीही ओतली तरी आधी पीएच उतरवण्यातच संपते. आधी पट्टीने पीएच बघा. सौम्य आम्लाने ७ च्या आसपास आणा, तुरटी घाला, परत बघा, ६ ते ७ मध्ये राहू द्या. तरी गुठळी बारीक राहिली तर पॉलिइलेक्ट्रोलाइट (गुठळ्या जोडणारं रसायन) लिटरला एखादा मिलिग्रॅम. जास्त घातलं तर पाणी शेंबडासारखं होतं आणि गुठळी परत सुटते.

आणि कृपा करून आम्ल म्हणून टॉयलेट क्लीनर ओतू नका. त्याच खड्ड्यात कुणी ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर क्लोरीन वायू सुटेल. काकांना हे वेगळं सांगा 🙂

---

लेथवाला
रविवार, संध्याकाळी ६:००

बरण्या केल्या. आईच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्या होत्या, आता त्या स्वयंपाकघरात परत घेणार नाही असं तिने जाहीर केलंय.

पीएच १०.५ निघाला. न उतरवता ८० मिलीपर्यंत काहीच नाही, फक्त ताक थोडं जाड झालं. उतरवून ७ केला, मग २० मिलीला कणीदार गुठळ्या दिसल्या, ४० मिलीला तर पाच मिनिटांत डोळ्यांसमोर फाटलं. पनीर करताना लिंबू पिळल्यावर होतं ना, एका क्षणी दूध, दुसऱ्या क्षणी पाणी आणि गोळे, अगदी तसं. काकांनी बरणी हातात घेऊन उजेडाकडे धरली आणि पलीकडचं कॅलेंडर वाचून दाखवलं.

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साडेसहा लाखवाल्याला फोन नको करूस एवढ्यात."

---

मगरमित्र
रविवार, संध्याकाळी ७:२०

निघालेल्या तेलाचं काय करणार? आमच्याकडे एक टेम्पोवाला फिरतो, काळं तेल रोख पैसे देऊन नेतो, पावती नाही.

---

फिल्टरप्रेस
रविवार, रात्री ८:००

त्याला अजिबात देऊ नका. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे, आणि त्याने ते कुठल्या नाल्यात ओतलं तर माग तुमच्या दारापर्यंत येतो. परवाना असलेल्या रिसायकलरलाच द्यायचं, फॉर्म १० चा मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला याची नोंद) भरायचा, ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचं नाही. तुरटीचा गाळही त्याच यादीत येतो, सांडपाणी प्रक्रियेचा रासायनिक गाळ म्हणून. तो वाळवून, पोत्यात भरून, अधिकृत जागीच. तुमच्या सीसीएत या दोन्हींच्या नोंदी आहेत का ते आजच बघा. नसतील तर आधी त्या करून घ्या.

तेल मात्र शक्यतो ओट्यावरच वेगळं करा. रसायन न लागलेल्या तेलाला रिसायकलर चांगला भाव देतो, तुरटीच्या चिखलात अडकलेल्या तेलाला उलट तुम्हीच पैसे देता.

---

लेथवाला
तीन महिन्यांनी, शनिवार, दुपारी ४:१५

धागा वर काढतोय, काहींनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं म्हणून.

धुण्याचा ओटा दोन फूट उचलला. खाली जाळीची टोपली आणि चुंबक, मग छोटा गाळखड्डा, मग पाणी उताराने ट्रॅपमध्ये. मधला पंप काढून टाकला. ट्रॅपला बुडता टी. तेल काढायला छोटा बेल्ट स्किमर घेतला, पट्टा तेलातून फिरतो आणि वरच्या पट्टीवर ते खरवडलं जातं. सुट्टीनंतरच्या सकाळी सगळ्यात जास्त निघतं, कारण दीड दिवस कुणी पाणी हलवलेलं नसतं. ट्रॅपनंतर निमुळत्या तळाच्या दोन प्लास्टिक टाक्या: एक भरते तेव्हा दुसरी रात्रभर शांत उभी. डीग्रीझर बदलला, चारपैकी तीन कॅन बाटलीच्या परीक्षेत नापास होऊन परत गेले. कूलंट वेगळ्या बॅरलमध्ये. ट्रॅपवर पत्रा. सीसीएमधल्या नोंदी बघितल्या, गाळाची नव्हती, ती करून घेतली. खर्च सव्वा लाखाच्या आत.

पहिल्या महिन्यात फक्त एवढ्यानेच, तुरटीविना, ३१ आलं. मग तुरटी सुरू केली. परवाचा आकडा १२, काचेच्या बाटलीत 🙂

अडलंय ते गाळापाशी. तुरटीचा गाळ वाळता वाळत नाही, शेवाळासारखा ओलाच राहतो. कापडी पिशव्यांत टांगून बघतोय, चक्क्यासारखा. पावसाळ्यात काय होईल देव जाणे.

बाटल्यांची रांग अजून खिडकीत आहे, रोज एक. ते काम काकांनी स्वतःकडे घेतलंय, लेबलं गुजरातीत. फोटो टाकतोय.

---

तात्या_निवृत्त
शनिवार, संध्याकाळी ५:०२

पिशव्या टांगायच्या तर पत्र्याखाली, वाऱ्याच्या बाजूला. गाळात थोडा लाकडाचा भुसा मिसळून बघ, पाणी लवकर सोडेल, पण पोत्याचं वजन वाढेल हे लक्षात ठेव.

फोटोत डावीकडून चौथ्या बाटलीच्या तळाशी लालसर काय दिसतंय?

---

लेथवाला
शनिवार, संध्याकाळी ५:२०

गंज. तो गिअरबॉक्स दीड वर्ष पावसात पडून होता. काकांनी लेबलावर ग्राहकाचं नावही लिहिलंय, म्हणून तेवढा कोपरा कापून फोटो टाकला.